सायकलीचा पास

दोन सायकली चोरीला गेल्या. "तिसरी गेली तर पायी हिंडा," असं बायकोनं बजावल्यावर मी ती हिंजवडीच्या ऑफिसात आतच नेऊ लागलो.

"व्यायामाचं यंत्र आहे," मी गेटवर थाप मारली.

सिक्युरिटीच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गाडी आत चालत नाही सर. पाहुणा चालतो."

तेव्हापासून त्या रोज हँडलला पाहुण्याचा पास बांधत. 'कोणाला भेटायचे?' यापुढे माझं नाव. हळूहळू माझ्या सायकलीशेजारी आणखी तीन पासवाल्या सायकली उभ्या राहू लागल्या.

एकदा मी माझंच ओळखपत्र घरी विसरलो.

"सायकल आत जाईल. तुम्ही थांबा."

बरीच गयावया केल्यावर बाईंनी, अजिबात न हसता, मलाही पास दिला. 'कोणाला भेटायचे?' यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : सायकलीला.