बाईंचं कार्ड

जपानमधल्या उरायासुला राहायला आलो तेव्हा आकड्यांशी माझा संबंध संपला, असं मी धरून चालले होते. त्याआधी पुण्यात एका कचेरीत मी अकरा वर्षं तक्ते बनवले. परदेशांतली सर्वेक्षणं आमच्याकडे यायची, आम्ही त्यांचे तक्ते करून परत पाठवायचो. माझं शेवटचं काम कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या देशाचं होतं. तिथे किती टक्के लोक नोकरीत आहेत, ते वयाप्रमाणे आणि स्त्री-पुरुषांप्रमाणे मांडायचं. डावीकडे वयोगट, वर दोन रकाने. तो देश मी नकाशात एकदाच पाहिला, पण तिथल्या पस्तिशीतल्या किती बायका कामावर जातात हे मला आमच्या सोसायटीतल्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या तक्त्यातली एक ओळ सारखी त्रास द्यायची. पासष्टच्या वरच्या, नोकरी करणाऱ्या बायका. त्या इतक्या थोड्या सापडल्या होत्या की आकड्याशेजारी फुली मारून खाली टीप द्यावी लागे : 'आकडा भरवशाचा नाही.' साहेब म्हणाले, "काढून टाका हो ती ओळ, उगाच घाण दिसते. वरच्या ओळीत मिसळा." मी मिसळली. एवढ्या म्हाताऱ्या बायका कशाला कामावर जात असतील, असंही तेव्हा मनात आलं असणार. मी चौतीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

आता मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. नवऱ्याच्या नोकरीमागे जपानला आलेल्या बायकोला व्हिसावर 'आश्रित' म्हणतात. आश्रिताला आठवड्यात अठ्ठावीस तास काम करता येतं, तेही परवानगी काढून. माझं जपानी बोलणं बरं आहे, वाचणं म्हणजे आनंदच. मुलगी आपली आपण शाळेत जायला लागल्यावर मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात लागले. आईला फोनवर सांगितलं, टेक्स्टाइल कंपनी आहे. तिने ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

तिथलं इस्त्रीचं यंत्र आमच्या घरापेक्षा लांब आहे. ओली चादर दोघींनी दोन बाजूंनी धरायची, कोपरे ताणायचे आणि एकाच वेळी चिमट्यांत द्यायचे, मग यंत्र ती आत ओढून घेतं. एकीचा हात मागे राहिला तर चादर तिरकी जाते आणि पलीकडून चुरगळून बाहेर येते. म्हणजे काम जोडीचं. माझ्या जोडीला शहात्तर वर्षांच्या एक बाई होत्या. तोंडावर मी त्यांना रीतीप्रमाणे आडनावाला सान लावून हाक मारायची, पण मनात त्या 'बाई'च होत्या, शाळेतल्या बाईंसारख्या. कारण पहिले दोन आठवडे त्यांनी मला चादर कशी धरायची ते शिकवलं आणि माझ्या प्रत्येक तिरक्या चादरीबद्दल स्वतः माफी मागितली. मला तेव्हा रागच यायचा. चूक माझी, कमरेत वाकणार या!

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, या वयात काम का करता? असं विचारू नये हे मला माहीत होतं, तरी विचारलं. त्या भाताचा गोळा अर्धा सोडून म्हणाल्या, "घरी मला कुणी हाक मारत नाही. नवऱ्याला मी कोण ते रोज वेगळं आठवतं. कधी बहीण, कधी दुकानातली बाई. इथे सगळे मला माझ्या नावाने हाक मारतात." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पेन्शनही पुरत नाही म्हणा." ते त्यांनी जेवणाचा डबा बांधता बांधता सांगितलं.

त्यांच्या नवऱ्याला म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात नेणारी गाडी सकाळी यायची. गाडीला उशीर झाला, किंवा ते बूट घालायला तयार झाले नाहीत, की बाईंना उशीर. आणि कारखान्यात उशीर म्हणजे काय ते ज्याने जपानी हजेरीयंत्र पाहिलंय त्यालाच कळेल. दारात कार्डांचं एक कपाट, प्रत्येकाच्या नावाचं एक जाड कार्ड. ते यंत्रात घातलं की खटकन वेळ उमटते. नऊ म्हणजे नऊ. एक मिनिट उशीर झाला तरी लाल शाईत. पंचाहत्तरीच्या पुढच्यांचं कंत्राट दर सहा महिन्यांनी नवं होतं, आणि त्या वेळी हे लाल आकडे पाहतात. बाईंच्या कार्डावर त्या महिन्यात दोन लाल आकडे होते. तिसरा नको, असं त्या माझ्याजवळ बोलल्या होत्या, एकदाच, आणि हसून.

आता माझी अक्कल ऐका. पुण्याच्या कचेरीत आम्ही चौघी मैत्रिणी होतो. कुणाचं मूल आजारी, कुणाची बस चुकलेली, जी आधी पोचेल ती मस्टरवर बाकीच्यांच्या सह्या ठोकायची. त्यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट जी सही करणार नाही ती कसली मैत्रीण! साहेबांनाही ठाऊक होतं. माझी सही तर मला येते त्याहून सुबक माझ्या मैत्रिणीला यायची.

गुरुवार होता. नऊला तीन मिनिटं कमी. बाईंचा पत्ता नाही. मी माझं कार्ड घातलं, खटक. मग खालच्या खणातलं बाईंचं कार्ड काढलं, आणि खटक. इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी मला माझ्या चांगुलपणाची खात्री होती. धापा टाकत येतील, कार्डावर काळा आकडा बघतील, खूश होतील, एवढंच डोक्यात होतं.

बाई आल्याच नाहीत. त्यांचा नवरा गाडीत बसायला तयार नव्हता, दाराची चौकट धरून उभा राहिला होता. बाईंनी नऊच्या आधी ऑफिसात फोन केला आणि रीतसर सांगितलं की आज येता येणार नाही, फार तसदी देतेय, माफ करा. फोनची नोंद वहीत झाली. आणि त्याच वेळी दारातल्या कार्डावर त्या कारखान्यात हजर होत्या.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी काहीच केलं नसतं तर बाईंची एक साधी, कळवून घेतलेली रजा झाली असती. लाल आकडासुद्धा पडला नसता.

दुसऱ्या दिवशी आमच्या पाळीच्या प्रमुखाने आम्हा दोघींना बोलावलं. तिशीतला मुलगा, अतिशय सभ्य. बाईंपुढे कार्ड ठेवताना त्यानेच मान खाली घातली. बाईंनी चष्मा चढवून कार्ड पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, फार तर एक श्वासभर. त्यांना सगळं कळलं हे मला कळलं. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, असं मी हे सात-आठ महिने स्वतःला सांगतेय.

बाई उठून उभ्या राहिल्या आणि कमरेतून वाकल्या. म्हणाल्या, "मीच यांना सांगितलं होतं. उशीर होईल असं वाटलं, म्हणून आदल्या दिवशी गळ घातली. या माझ्यानंतर आलेल्या, परदेशी, यांना नाही म्हणता आलं नाही. यांचा दोष नाही."

प्रमुखाने मला विचारलं, "असंच झालं का?"

जपानीत 'हो'ला 'हाय' म्हणतात. मी म्हणाले, "हाय."

एक शब्द. त्या वेळी डोक्यात काय होतं तेही सांगते, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. व्हिसा होता. पुढच्या महिन्यात आमचं रिन्यूअल होतं आणि कारखान्यातून खोट्या हजेरीसाठी काढलेली बायको त्या कागदांत काय दिसेल, हे मी त्या एवढ्याशा वेळात मनात पूर्ण वाचून काढलं होतं. बाईंनीही तेच वाचलं असणार.

मला ताकीद मिळाली. बाईंना त्याच दिवशीपासून येऊ नका म्हणून सांगितलं, अर्थात फार नम्रपणे.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू काही बोलली नाहीस ना? गुड. रिन्यूअल होईपर्यंत कसला इश्यू नको."

"अरे, त्यांची नोकरी गेली."

"अगं, शहात्तर वर्षांच्या आहेत त्या. आज ना उद्या थांबायचंच होतं ना?"

मी कुकरचं झाकण इतक्या जोरात आपटलं की मुलगी खोलीतून बाहेर आली. "व्हॉट हॅपन्ड, आई?" मी म्हटलं, काही नाही. नवऱ्यावर भडकायला मला तोंड नव्हतं. तो जे बोलला तेच मी चौतिसाव्या वर्षी, तक्त्यातली ती ओळ मिसळताना, एक कळ दाबून म्हटलं होतं.

सोमवारी बाई गणवेश परत करायला कारखान्यात आल्या. धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून आणला होता. खरं तर गणवेश कारखान्यातच धुतात. प्रमुख मीटिंगला गेला होता. माझ्या जोडीला पन्नाशीची एक नवी बाई दिली होती आणि आमची एक चादर सरळ जात नव्हती. बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग पिशवी खाली ठेवली, कोटाच्या बाह्या सारल्या आणि तिच्या जागी उभ्या राहिल्या. आम्ही दोघींनी चादरी दिल्या, सगळ्या सरळ गेल्या. नवी बाई शेजारी उभी राहून शिकत होती. प्रमुखाचा आवाज आला तशा बाईंनी बाह्या खाली केल्या, पिशवी उचलली आणि निघाल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. माफी मागायला जाताना इथे मिठाईचा खोका न्यायची पद्धत आहे. मी बेसनाचे लाडू नेले, सुट्टीत एकदा त्यांना आवडले होते. प्रमुखाला खरं काय ते सांगते, हे बोलायचं मी ठरवून गेले होते. चार स्टेशनं तेच वाक्य जपानीत घोकत होते.

नवरा खिडकीशी बसला होता. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि बाईंना म्हणाला, "ताई, पाहुणे आलेत." बाईंनी चहा ठेवला. टेबलावर एक फॉर्म पसरलेला होता, शेजारी पेन्सिल आणि खोडरबर. सरकारचं कामगारांचं सर्वेक्षण त्यांच्या घरावर आलं होतं. मला तो वाचायची गरजच नव्हती, जगभर तो एकच असतो. वय. स्त्री की पुरुष. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात थोडं तरी काम केलंत का?

बाई म्हणाल्या, "तुम्ही पूर्वी हे काम करायचात म्हणाला होतात ना? मग सांगा. सोमवारी मी तुमच्याबरोबर चादरी दिल्या. एक तास झाला असेल. तो धरतात का?"

आठवड्यात एक तास काम केलेला माणूस नोकरीत धरतात, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण तो तास मोबदल्याचा असावा लागतो. बाईंच्या त्या तासाला कुणी मोबदला देणार नव्हतं.

मी म्हणाले, "धरतात."

बाईंनी पेन्सिल उचलली. थोडा वेळ ती 'हो'च्या चौकोनावर धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नको. खोटी हजेरी एकदा झाली." आणि 'नाही'वर खूण केली.

तेव्हा मी घोकलेलं वाक्य बोलले. उद्या सकाळी प्रमुखाला सांगते, कार्ड मी घातलं, तुम्हाला माहीतसुद्धा नव्हतं. बोलताना मला रडू आलं.

बाईंनी लाडवाच्या खोक्याचं झाकण लावलं. "मग मी खोटं बोलले ते फुकट जाईल," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी शाळेत आहे. सांगू नका."

आणि मला हलकं वाटलं. त्या नको म्हणाव्यात यासाठीच मी चार स्टेशनं ओलांडून आले होते, हे मला तिथे चहाचा कप हातात असताना समजलं.

त्यांनी फॉर्म पुढे ओढला. सध्या काम शोधताय का? 'नाही.' मी समोरून, उलट्या बाजूने बघत होते आणि मला तक्ता दिसत होता. काम नाही आणि शोधतही नाही, म्हणजे बाई आता बेकारांतही नव्हत्या. हिशेबाबाहेर. मी मात्र होते, चाळीस ते चव्वेचाळीस, स्त्री, नोकरीत.

शेवटचा प्रश्न त्यांनी बोट ठेवून मोठ्याने वाचला. "काम मिळालं तर करायची इच्छा आहे का?"

"हा सोपा आहे," बाई म्हणाल्या, आणि 'हो'चा चौकोन पेन्सिलीने इतका दाबून भरला की टोक मोडलं.

दुसऱ्या दिवशी नऊला पाच मिनिटं असताना मी माझं कार्ड यंत्रात घातलं. प्रमुख दारातच उभा होता. त्याने शुभ सकाळ म्हटलं, मीही म्हटलं, आणि आत गेले.