साडूंची जीप आणि अडून बसलेले बोल्ट

जगात देवाला, सरकारला आणि बायकोला मान देणारी माणसं पुष्कळ असतील. पण गंजलेल्या बोल्टला मान देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पिंपरीला तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते, त्यांतल्याच एकात ते नोकरीला. चिंचवडच्या त्यांच्या घरामागे देहूरोडच्या लष्करी लिलावातून आणलेली एक जुनी जीप होती. महायुद्धात तिनं काय काय सोसलं होतं कोण जाणे, पण तळाचा पत्रा असा सडला होता की आत बसलं तरी पाय जमिनीला लागत. जुना पत्रा काढून नवा बसवायचा, एवढंच काम. पण ते बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव झालेले, आणि साडूंचा नियम असा, की बोल्ट तोडायचा नाही. तो राजीखुशीनं सुटला पाहिजे.

मग मनधरणी सुरू झाली. सकाळी आंघोळीआधी प्रत्येक बोल्टला घासलेट, संध्याकाळी चहाआधी पुन्हा घासलेट. घरातला स्टोव्ह कोरडा आणि जीप ओलीचिंब. मेव्हणी म्हणायची, "मी गंजले असते तर बरं झालं असतं, रोज विचारपूस तरी झाली असती." घासलेटानं भागलं नाही की पेटत्या बोळ्याचा शेक. एकदा त्यात साडूंच्या भुवया गेल्या. बोल्ट जागचा हलला नाही. मग पाना लावून नखभर पुढे, नखभर मागे, तेही श्वास रोखून. एखादा सुटलाच तर घरात शिऱ्याचा बेत. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, हे गृहस्थ न सुटलेल्या बोल्टांना हळदकुंकू वाहत. मी हसलो तर म्हणाले, "राव, पान्याची पूजा कुणीबी करंल. जो हरला न्हाई, त्याला आधी नमस्कार."

रस्त्यापलीकडे एका मिस्त्रीचाचांचं गॅरेज होतं. ते रोज कुंपणावरून विचारीत, "भाऊ, एक छिन्नी मारू? मामला खतम." साडू असे दचकत, जणू चाचांनी घरातल्या माणसावर हात टाकायची परवानगी मागितली होती.

घाई एकाच माणसाला होती, निघोज्याच्या आमच्या सासूबाईंना. उभ्या जन्मात त्या बैलगाडीखेरीज कशात बसल्या नव्हत्या, आणि जीपची पहिली फेरी तुमची, असा साडूंनी त्यांना शब्द दिला होता. आम्ही दिसलो की त्यांचा पहिला प्रश्न, "जावईबापू, माज्या डोळ्यांदेखत हुईल न्हवं तुमची मोटार?"

"व्हय तर! थोडंच उरलंय," साडू म्हणायचे. ते खोटं नव्हतं. फक्त वर्षभर तेवढंच उरलेलं होतं.

दिवाळीनंतर निरोप आला, की सासूबाईंनी अंथरूण धरलंय, खाणं सुटलंय. मी चिंचवडला पोचलो तर घरामागून हातोड्याचे आवाज येत होते. साडू जीपखाली उताणे पडून छिन्नी चालवत होते. प्रत्येक घावाआधी काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेल्यावर कळलं, बोल्टची माफी मागत होते. चाचा शेजारी उकिडवे बसून तुटलेले तुकडे गोळा करत होते. साडू रडत होते. डोळ्यांत गंज गेला असं ते म्हणाले असते, म्हणून मी विचारलंच नाही. संध्याकाळपर्यंत चाचांनी नवा पत्रा बसवून दिला.

दुसऱ्या दिवशी जीप निघोज्याला नेली आणि सासूबाईंना उचलून तिच्यात बसवलं. लष्करी जीप, तिचं चाक डावीकडे. त्यामुळे सासूबाई उजवीकडे, जिथं एरवी ड्रायव्हर असतो तिथं. निघोज्याच्या लोकांनी समोरून हे पाहिलं मात्र, "आरं पळा, म्हातारी चालवती!" म्हणत माणसं बांधावर चढली. सासूबाई ताठ बसल्या. म्हणाल्या, "भावजयीच्या दारावरनं न्या. सावकाश न्या, तिला दिसाया पायजे." भावजय आत होती, म्हणून आम्ही पुन्हा एक चक्कर मारली. त्या रात्री सासूबाई दूधभाकरी जेवल्या.

पौषात त्या गेल्या.

साडू अजून ती गोष्ट सांगतात. सासूबाईंचं नाव घेतलं आणि उरलेले सगळे बोल्ट आपणहून सुटले, असं सांगतात. मेव्हणी तेव्हा माझ्याकडे बघते. मी म्हणतो, "हो, मी होतो ना तिथं."