गाडी दारात उभी आहे

प्रफुलच्या मरणाची बातमी कामरगावला प्रफुलच्याच आवाजात समजली. हे सांगितलं की लोकांच्या अंगावर काटा येतो, पण त्यात चमत्कार काही नव्हता. आमच्याकडे कुणी गेलं की ऑटोवर भोंगा लावून गावभर पुकारा होतो, आणि गेली तीन वर्षं तो पुकारा माझा हा चुलतभाऊच रेकॉर्ड करून द्यायचा. दर वेळी सगळं नव्यानं म्हणायचा कंटाळा, म्हणून त्यानं एकदाच म्हणून ठेवलं होतं... ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’, मग थोडी मोकळी जागा, मग ‘यांचे निधन झाले असून अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल.’ मधल्या जागेत फक्त नाव भरायचं. त्या सकाळी ऑटोवाले रशीदभाई दारात येऊन उभे राहिले आणि खाली पाहत म्हणाले, “बेटा, नाव तं कोणाले तरी बोलाच लागन ना.” घरात हे काम येणारी मी एकटीच. मी नाव म्हटलं. मग दोन तास गल्लोगल्ली त्याचा आवाज, मध्ये माझा, पुन्हा त्याचा, असं चालू राहिलं.

प्रफुल अठ्ठावीस वर्षांचा होता, मी सव्वीसची. आमची घरं भिंतीला भिंत लागून, आणि गावच्या हिशेबानं दोन्ही घरांत एकेक रिकामटेकडं. त्यानं बी.एस्सी. केलं, पोलीस भरतीसाठी दोन वर्षं धावला आणि छातीच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरनं राहिला. चाकणच्या कंपनीत आठ महिने स्क्रू आवळले आणि एक दिवस कुणाला न सांगता बॅग घेऊन परत आला. मी बँकेच्या परीक्षा दिल्या, मग अमरावतीला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, मग तीही फाइल कपाटात ठेवून घरी बसले. लग्नाच्या पंक्तीत जा नाही तर पिठाच्या गिरणीवर, प्रश्न एकच असायचा, “मंग, सध्या काय करून राह्यली?” मी लाजून काहीतरी पुटपुटायची. प्रफुलचं उत्तर तयार होतं, “सध्या तं तुमच्यासंगं बोलून राह्यलो, काका.” लोक हसायचे. तो मात्र हसायचा नाही, हे फार कुणाच्या लक्षात आलं नाही.

मोबाइलच्या दुकानामागं एक खोली होती, तिथं त्याचं हे रेकॉर्डिंग चालायचं. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दारावर जुनी रजई टांगलेली, आणि काम चालू असताना पंखा बंद. भंगारवाला, लसूणवाला, शेगडी दुरुस्तीवाला, सगळ्यांच्या भोंग्यात तोच बोलायचा. हे काम त्याच्या भाषेत ‘सध्यापुरतं’ होतं. तीन वर्षं ते सध्यापुरतंच राहिलं. बाईचा आवाज लागला की तो मला बोलवायचा, पण माझी वाट पाहत बसायचा नाही. स्वतःची वाक्यं आधी म्हणून ठेवायचा आणि माझ्या उत्तरांपुरती जागा सोडायचा. मी स्वयंपाक आवरून जायची आणि कानाला हेडफोन लावून त्या जागांमध्ये बोलायची. गंमत म्हणजे माझं वाक्य दर वेळी तिथं बरोबर मावायचं. मी किती वेळ बोलणार हे मला कळायच्या आधी त्याला कळलेलं असायचं, आणि तेव्हासुद्धा मला याचं जरा नवल वाटायचं.

ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवरचं आमचं संभाषण तर पोरांना पाठ झालं होतं. तो विचारायचा, ‘वहिनी, ओला कचरा वेगळा ठेवला का?’ मी म्हणायची, ‘हो भाऊ, ठेवला!’ ‘आणि सुका?’ ‘तोही ठेवला!’ ‘मग आणा लवकर, गाडी दारात उभी आहे!’ सख्ख्या काकाच्या पोरीला वहिनी म्हणतो म्हणून आख्ख्या आळीनं त्याला चिडवलं. आवाज तपासायचीही त्याची एक रीत होती. आधी मला काहीतरी फालतू विचारायचं, काय खाल्लं, कोणाशी भांडली, आणि मी काहीही सांगितलं तरी म्हणायचं, “आयकू नाई आलं. मोठ्यानं बोल.”

या पावसाळ्यानंतर एकाच आठवड्यात आम्हा दोघांनाही बोलावणं आलं. त्याला पुण्याच्या एका साउंडवाल्याचं, मला नाशिकच्या एका लॅबचं. आठ दिवस तो घरभर एकच विचारत फिरला, जाऊ का नको. शेवटी एका दुपारी तीनच्या सुमारास खांद्याला बॅग लावून आमच्या दारात उभा राहिला. मोटरसायकल कारंज्यात मित्राकडे ठेवून पुण्याची बस धरायचं ठरलं होतं. मी सुपात तुरीची डाळ निवडत होते. “स्वाते, सांग ना. जाऊ का नको?” मी वैतागले होते. मान वर न करताच म्हटलं, “मले कायले विचारतं? तुझं तू पाह्य.” तो तसाच उभा होता, सुपावर त्याची सावली दिसत होती. मग “बरं” म्हणाला आणि सावली सरकली. मला त्या बोलण्याची लाज वाटते, आजही वाटते, आणि ते आता परत घेता येत नाही.

कारंज्याच्या रस्त्यावर त्याच्या गाडीला रोही, म्हणजे नीलगाय, आडवी गेली. ती जागा आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, आणि अपघात झाला पाच वाजून गेल्यावर. तीन ते पाच तो कुठं होता? त्याहून विचित्र म्हणजे गाडी सापडली तेव्हा तिचं तोंड गावाकडे होतं. कुणी म्हणालं धडकेनं फिरली असेल, कुणी म्हणालं पोरगा परत येत होता. शेजारच्या तुरीत काम करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं ते जनावर पाहिलं होतं. मी दोनदा जाऊन त्यांना विचारलं, बाबा, तो कुणीकडं चालला होता? दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, “म्या रोही पाह्यलं, बाई. गाडी नाई पाह्यली.”

घंटागाडी दोन दिवस बंद राहिली आणि तिसऱ्या सकाळी साडेसातला आली. ‘वहिनी, ओला कचरा वेगळा ठेवला का?’ मी चुलीपुढं बसले होते आणि बाहेर रस्त्यावर मी त्याला उत्तर देत होते, हसत, दोन वर्षांपूर्वीच्या आवाजात. मोठी आई, म्हणजे प्रफुलची आई, बादली घेऊन बाहेर गेली. बादली रिकामी होती. तिच्या घरात आता कचरा होतोच किती... तरी ती उभी राहिली, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत पाहत राहिली आणि आत येताना म्हणाली, “गेला कामाले.” हीच बाई तीन वर्षं त्याच्या डोक्यावर बसली होती की सकाळी साडेसातले डबा घेऊन घराबाहेर पडणारा पोरगा मले पाहाचा हाय. पंचायतीतून कुणीतरी भीत भीत विचारलं, आवाज बदलून टाकायचा का? मोठी आई त्याच्यावरच उखडली, “काहून? त्याची ड्युटी कायले काढता?”

इकडे लॅबमधून दुसऱ्यांदा फोन आला. सोमवारपर्यंत या, नाही तर जागा दुसऱ्याला देतो. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. मोठ्या आईला रिकाम्या बादलीसह सोडून जायचं? आणि जायचं ते त्याच रस्त्यानं. त्या आठवड्यात दुकानदारानं खोली रिकामी करायला सांगितलं म्हणून मी त्याचा कॉम्प्युटर उघडला, तेव्हा सगळ्यात शेवटची फाइल दिसली. तारीख त्याच दिवसाची, वेळ तीन वाजून दहा मिनिटं. म्हणजे माझ्या दारातून तो आधी इथं आला होता. लावली. मागं पंख्याचा आवाज होता. त्यानं पंखा बंद केला नव्हता, त्याअर्थी हे कुणाचं काम नव्हतं.

“स्वाते, तू काय ठरवलं?”

मग मोकळी जागा. माझ्यासाठी तो दोन-तीन सेकंद सोडायचा, इथं पंखा बराच वेळ नुसता फिरत होता. मग एकदम जवळून, “आयकू नाई आलं. मोठ्यानं बोल.” आणि फाइल संपली.

मी वेडी नाही, पण रोज दुपारी तिथं जाऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी त्या जागेत हळूच म्हटलं, जाते. तो म्हणाला, आयकू नाई आलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, नाही जात. तो तेच म्हणाला. मग सांगितलं की मला भीती वाटते, की त्या दिवशी मी तुझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, की तू परत येत होतास का एवढं तरी सांग. सगळं त्या जागेत मावलं. आणि दर वेळी तेच उत्तर... यंत्र आहे, तेच म्हणणार, हे कळत होतं. तरी शनिवारी त्यानं मोठ्यानं बोल म्हटल्यावर माझा तोल गेला आणि मी ओरडले, “जाते! जाते म्हटलं ना!”

दारावरची रजई बाजूला झाली. मोठी आई उभी होती. मला जेवायला बोलवायला आली होती, आणि किती वेळची उभी होती कोण जाणे. मी कुणाशी बोलत होते ते तिनं विचारलं नाही. कॉम्प्युटरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “आयकू आलं त्याले. जाय आता.”

रविवारी जीपनं निघाले. त्या वळणावर डोळे मिटायचे ठरवलं होतं, पण मिटले नाहीत. तूर उभी होती, रस्ता रिकामा होता.

आता नाशिकला येऊन महिना झाला. हे कायमचं आहे की सध्यापुरतं, मला अजून माहीत नाही. रोज साडेसातला मी पर्स खांद्याला लावून दाराशी थांबते, कारण तेव्हा मोठ्या आईचा फोन येतो. ती फोन नुसता रस्त्याकडे धरते. घंटा जवळ येते. प्रफुल विचारतो, मी उत्तर देते. तो पुन्हा विचारतो, मी पुन्हा उत्तर देते. मग तो सांगतो की गाडी दारात उभी आहे, आणि इथल्या खोलीत माझं लक्ष एकदा बंद दाराकडे जातंच. आवाज लांब गेला की मोठी आई फोन कानाला लावते.

“दोघंबी टायमावर आले आज,” ती म्हणते. “जाय आता कामाले.”