ट्रंकेतली मेणबत्ती

आमच्या घरात मरणाचं नाव दिवसातून त्रेपन्न वेळा घेतलं जायचं. आजीच्या माळेत ‘नमो मरिये’चे तेवढेच मणी होते आणि प्रत्येक मण्याचा शेवट ‘आता आणि आमच्या मरणाच्या घडीला’ असा. शेजारच्या घरी पोरांनी तिन्हीसांजेला वाईट शब्द काढला की पाठीत धपाटा बसायचा. आमच्याकडे उलट. ‘मरणाच्या घडीला’ नीट ठासून म्हटलं नाही तर आजी तो मणी पुन्हा म्हणायला लावायची.

धरणगावात तेव्हा आमचं एकच कॅथलिक घर होतं. आजोबा नगरकडून कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून आले, मी जन्मायच्या आधीच वारले, आणि त्यांच्या जागी पप्पा लागले. चर्च जळगावला. रविवारी पॅसेंजर गाठायची, मिस्सा ऐकायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. उन्हाळ्यात डब्यातल्या फळ्या चटके देत, पण आजीनं पदरानं घाम पुसत एकही रविवार चुकवला नाही. देव बहुधा तिला घाबरून असावा, असं मला लहानपणी वाटायचं. मी तर घाबरूनच होते.

आजीच्या खाटेखाली एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात तिचं शेवटचं सामान. पांढरं लुगडं, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली, सुकलेली पात, पवित्र पाण्याची बाटली, आणि कागदात गुंडाळून निळ्या दोऱ्यानं बांधलेली एक मेणबत्ती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, त्यातली एक ती दर वर्षी घरी आणायची आणि आदल्या वर्षीची प्रार्थनेत जाळून संपवायची. ही नवी मात्र वर्षभर कुणी पेटवायची नाही. घरातलं कुणी जायला लागलं की ती पेटवून त्याच्या हातात द्यायची, म्हणजे पलीकडची वाट दिसते. आजोबांच्या हातात तिनं दिली होती. तिच्या आईच्याही हातात तिनंच.

“ही खेळायची चीज नाही,” ती मला बजावायची. “एकदा पेटली की कुणाला तरी घेऊनच विझती.”

अशा धमक्या लेकराला देऊ नयेत, हे आज मला कळतं. तेव्हा मी त्या खाटेवर पाय वर घेऊनच बसायचे.

मी सहावीत होते. ऑक्टोबर महिना, सहामाहीचा इतिहासाचा पेपर दुसऱ्या दिवशी. रविवार असल्यानं आजी आणि आई जळगावला गेल्या होत्या, पप्पा कामावर. अभ्यास मी नेहमीसारखा शेवटच्या दिवसावर ठेवलेला, आणि दिवेलागणीला लाईट गेली. कंदील हलवून पाहिला तर कोरडा. रेशनवर रॉकेल आलंच नव्हतं. शेजारी मागायला गेले तर तिथंही अंधार, आणि किराणा दुकान रविवारचं बंद. आणि मग माझ्या डोक्यात ती हिरवी ट्रंक आली.

ट्रंकेला कुलूप होतं, पण किल्ली मरिया मातेच्या तसबिरीमागे असते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्वतःला म्हटलं, दोन धडे वाचायचे आणि विझवायची. काडी ओढली. वाचलेलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही, मी सगळा वेळ त्या ज्योतीकडेच बघत होते. ती जराही हलत नव्हती. खिडकी उघडी होती, बाहेर वारा होता, तरी हलत नव्हती. निदान मला तसं आठवतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं ते असेल.

लाईट आली तेव्हा निम्मी मेणबत्ती संपली होती. उरलेलं थोटूक मी मागच्या गटारात टाकलं. दुसऱ्या दिवशी पेपर देऊन येताना किराणा दुकानातून खाऊच्या पैशांनी एक मेणबत्ती घेतली. हुबेहूब तीच. तेवढीच लांब, तेवढीच जाड, चर्चमध्येही बहुतेक त्याच खोक्यातून येत असावी. तोच कागद, तोच निळा दोरा. आजी मागच्या अंगणात धान्य पाखडत होती तेवढ्यात सगळं जागच्या जागी ठेवून किल्ली तसबिरीमागे लावली. कुणाला काही कळलं नाही. मीच तेवढी वाट बघत राहिले.

नाताळच्या आधी पप्पांचे डोळे पिवळे झाले.

कावीळ आहे, उतरेल, असं सगळे म्हणाले. एरंडोलकडच्या कुणाचं तरी झाडपाल्याचं औषध झालं, डॉक्टरांची सुई झाली. नाताळात करंज्या तळल्या त्या शेजाऱ्यांनीच खाल्ल्या, कारण तेलाच्या वासानंच पप्पांना ओकारी यायची. मी रोज शाळेतून आले की आधी त्यांची नखं बघायचे. ती रोज थोडी जास्त पिवळी असायची. रात्रीच्या माळेला मी ‘मरणाच्या घडीला’ एवढेच शब्द गिळायला लागले. आजीच्या लक्षात आलं, पण त्या वेळी तिनं मला पुन्हा म्हणायला लावलं नाही. त्यानं तर मी जास्तच घाबरले.

जानेवारीत एका दुपारी पप्पा माणसं ओळखेनासे झाले. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. फादरना आणायला कामावरचा एक माणूस जळगावला गेला होता, तो परत येऊन म्हणाला, फादर धुळ्याकडच्या गावांत गेलेत, परवा येतील. मरणाऱ्याला फादर लावतात ते शेवटचं तेल लावायला कुणी नव्हतं. शेजारची काकू गंगाजलाची लोटी घेऊन दारात उभी होती. आत यावं की नाही, ते तिला समजत नव्हतं.

“अक्का, तुमनामा काय देतस हातमा?” तिनं आजीला विचारलं, जाणाऱ्याच्या हातात तुमच्यात काय देतात म्हणून. “ते तरी दी द्या. बठ्ठं देवना हातमा शे.”

आई रडत होती, ती एकदम थांबली. “मेणबत्ती,” ती म्हणाली. “आई, तुमची मेणबत्ती काढा.”

आजी उठली. तिनं किल्ली घेतली, ट्रंक ओढली, कागद सोडला. मी भिंतीला चिकटून उभी होते. तिनं मेणबत्ती हातात घेतली, उलटी करून क्षणभर पाहिली, मग मान वर करून खोलीतल्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. माझ्याकडे शेवटी पाहिलं. आणि मेणबत्ती परत कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं.

“नाही,” ती म्हणाली.

आईला वाटलं, आजीला नीट ऐकू आलं नसावं. ती पुन्हा म्हणाली, मग ओरडली, मग आजीच्या पायांवर पडली. आजीनं आपल्या हातातली माळ पप्पांच्या मुठीत गुंडाळली, त्यांच्या कानाशी वाकली आणि प्रार्थना म्हणू लागली. दिवस मावळायच्या आत पप्पा गेले. माळ त्यांच्याबरोबरच पुरली.

त्यानंतरच्या आमच्या घराबद्दल काय सांगू. आईनं एकच गोष्ट धरून ठेवली: म्हातारीनं पोटच्या पोराला मेणबत्ती दिली नाही, स्वतःसाठी राखून ठेवली. हे ती शेजारी बोलली, चर्चमधल्या बायांशी बोलली, माहेरी बोलली. आजीचं ताट ती वेळेवर वाढायची, औषध द्यायची, सेवेत कधी कसूर केली नाही. पण तिच्याशी बोलायची नाही. “त्यांना विचार जेवणार का,” असं मला सांगायची, आजी समोर बसलेली असताना. जळगावच्या चर्चमध्ये बाया आजीच्या बाकावर बसायचं टाळायच्या. आजीनं कधी स्वतःची बाजू मांडली नाही. नवी माळही घेतली नाही. फादरनी दिलेलीसुद्धा घेतली नाही, बोटांची पेरं मोजत त्रेपन्न वेळा म्हणायची.

आणि मी? मी मूग गिळून बसले. खरं लिहायचं तर मला बरंच वाटलं होतं. आजीच कंजूष निघाली, म्हणजे माझी चोरी झाकली गेली. मेणबत्ती खोटी होती हे कुणाला कळलं नाही, आणि आता कळण्याचं कारणही उरलं नाही. पप्पांना मीच घालवलं हे मी मनात पक्कं धरलं होतं, पण ते मनातच राहणार होतं. लहान मुलं निष्पाप असतात म्हणणाऱ्यांनी मला पाहिलं नव्हतं.

आजी जगली, फार जगली. दोनदा न्यूमोनिया झाला, एकदा खुब्याचं हाड मोडलं. दर वेळी वाटायचं आता गेली, दर वेळी आई दारात उभी राहून म्हणायची, “काढा आता ती जपून ठेवलेली.” आणि आजी उठून बसायची. नव्वदी ओलांडली तरी तिला मरण येईना. पलीकडची वाट बंद झाली असेल, आणि तीही मीच बंद केली असेल, असं मला वाटायचं.

मी जळगावला नोकरी करू लागले होते. फेब्रुवारीतल्या एका दुपारी आईचा निरोप आला आणि मी घरी पोहोचले. आजी खाटेवर काडीएवढी झाली होती. आई मागे कपडे धूत होती. आजीनं मला खुणेनं ट्रंक उघडायला सांगितली. कागदात नवी मेणबत्ती होती, निळा दोरा बांधलेली.

“बूड बघ तिचं.”

मी उलटी केली. बुडाच्या मेणात सुईनं कोरलेला एक बारीक क्रूस होता.

“दर साली कोरते,” ती म्हणाली. “आशीर्वादाची कंची अन् बाजाराची कंची, इसरायला नको म्हणून. त्या साली नव्हता.”

इतकी वर्षं ती ओळखून होती.

“मग दिली का नाहीस? बाजारची तर बाजारची. आईला तरी बरं वाटलं असतं.”

“मरणाऱ्या पोराच्या हातात खोटं ठेवू?”

“मग सांगायचं तरी.”

ती हसली, का धाप लागली, मला कळलं नाही. “तुझ्या आईनं तुला त्याच दिशी चुलीत घातली असती. नवरा गेला, पोर तरी ऱ्हाऊ दे म्हटलं. अन् माझ्यावरच्या रागावर ती उभी हाय, पोरी. राग काढून घेतला तर पडंल.”

मागे बादली आपटली. आई हात पुसत आत आली. मेणबत्ती माझ्या हातात बघून म्हणाली, “लावा एकदाची. एवढी जपून ठेवलेली.” मी तोंड उघडलं. आजीच्या बोटांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्यात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. मी काडी ओढली. आजी गेली तेव्हा ज्योत हलत होती, साध्या मेणबत्तीची हलते तशी.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. आई माझ्याकडे असते. मोतीबिंदूनंतर तिला फारसं दिसत नाही. या वर्षी ती म्हणाली, “चर्चमधून माझ्यासाठी एक आणून ठेव. आणि वेळ आली की दे हो मला. त्या म्हातारीसारखं करू नकोस.”

मी आणली. घरी येऊन सुई घेतली आणि बुडावर क्रूस कोरला, हात आपोआप चालला. मग तिच्या हातात दिली. तिनं ती चाचपली, वात, कागद, दोरा. बुडाशी तिचं बोट थांबलं.

“हे काय गं खरखरीत?”

“खूण आहे.”

“कसली?”

मला आजीची बोटं मनगटावर जाणवली, पण या वेळी मी हात सोडवून घेतला.

“आई,” मी म्हणाले, “मी सहावीत होते ना, तेव्हा एकदा लाईट गेली होती.”