डाव्या स्टेअरिंगची गाडी

कांजूरमार्गला हायवेच्या कडेला एक हिरवट रंगाची जुनाट क्रेन उभी असते. तिला बघून लहान मुलं थांबतात आणि मोठी माणसं हसतात. हसणाऱ्यांना काय कळतंय डोंबल! महायुद्धाच्या वेळी अमेरिकेहून आलेला लष्करी ट्रक आहे तो. आताचा मालक चंद्रप्रकाश, त्याच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतला, मागे ओढायला लोखंडी हात बसवला, आणि तेव्हापासून घाटकोपर ते मुलुंड कुठं डंपर कलंडला की याला बोलावणं येतं. आता नव्या चकचकीत क्रेन आल्यात, एसीवाल्या. पण चिखलात रुतलेलं धूड बाहेर काढायचं म्हटलं की त्या हळूच बाजूला होतात.

याचे पार्ट बाजारात मिळत नाहीत. कुर्ल्याच्या भंगारात हुडकायचे, नाहीतर लेथवाल्याकडून नवे करून घ्यायचे. चंद्रप्रकाश गाडीखाली आडवा होतो आणि त्याची बायको सुलक्षणा पाने, ग्रीस, चिंध्या हातात देत बसते. कुठला पाना हवा ते त्याला सांगावंही लागत नाही.

पण तिचं खरं काम वेगळंच. या गाडीचं स्टेअरिंग डावीकडे आहे. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं, म्हणजे ड्रायव्हर बसणार फुटपाथला चिकटून. पुढच्या एखाद्या टँकरला ओलांडायचं म्हटलं की समोरून काय येतंय ते त्याला दिसणारच नाही. तेव्हा उजव्या सीटवर भरवशाचं माणूस लागतं, बघून सांगणारं. आधीचा माणूस गावाला गेला तो परत आलाच नाही, तेव्हा नवी नवरी सुलक्षणा म्हणाली, मी बसते. पहिल्याच दिवशी ती 'अहो, आता घ्या ना' म्हणेपर्यंत समोरून दोन गाड्या आल्यासुद्धा. चंद्रप्रकाश वैतागला. गाडीत अहो-जाहो नको, म्हणाला, दोनच शब्द ठेव, घे आणि थांब.

झालं! घरात अहो आणि गाडीत अरे-तुरे. सासूने, शेवंतीबाईंनी, एकदा ते ऐकलं आणि तोंड फुगवून बसल्या. सुलक्षणाला मात्र ते मनापासून आवडायचं. आपण घे म्हणायचं आणि एवढं अवजड धूड, एवढा तिरसट माणूस, डोळे झाकून निघायचा. हे सुख कुठल्या बाईच्या वाट्याला येतं, सांगा बघू.

आणि त्या डोळ्यांनीच दगा दिला. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या लक्षात आलं की नाकासमोरचं दिसतं, पण कडेचं कोणी पुसून टाकावं तसं नाहीसं होतंय. शेजारच्या रत्नप्रभेला घेऊन ती गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आली. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा निघाला काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, एवढंच डॉक्टर म्हणाले.

रत्नप्रभेला तिने गळ्याची शपथ घातली. नवऱ्याला कळलं तर पुतण्या सुयोग त्या सीटवर बसणार, हे स्पष्ट होतं. सुयोग हुशार, लायसन्सवाला, नजर घारीसारखी. त्याच्याविरुद्ध बोलायला काही नव्हतं, आणि त्याचाच तिला राग यायचा. पण बाई अविचारी नव्हती. कोणाच्या जिवाशी खेळ नको म्हणून तिने मनाशी ठरवून टाकलं, घे म्हणायचंच नाही. शंका असो नसो, थांब. ट्रक टँकरच्या मागे मागे रांगायचा, मागचे हॉर्न बडवायचे, चंद्रप्रकाश मुकाट्याने थांबायचा. वय झालं, मवाळ झाला, असं तिला वाटायचं.

परवा दुपारी एका कंपनीची बंद पडलेली बस ओढत ते नाहूरकडे चालले होते. रस्ता अर्धा खणून पत्रे ठोकलेले, उरलेल्या अर्ध्यातून जाणारे आणि येणारे. त्यात पुढे पाण्याचा टँकर पंक्चर होऊन उभा. आता त्याच्या मागे रांगण्याचीही सोय नव्हती. उजवीकडे गाडी काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"थांब," सुलक्षणा म्हणाली. मान पार वळवून बघितलं. "थांब." एक मोटरसायकलवाला खिडकीशी येऊन ओरडला की रस्ता मोकळा आहे, झोपलात काय. तिला मोकळा वाटत होता, पण वाटणं आणि दिसणं यातला फरक तिला आता चांगलाच ठाऊक झाला होता. मागे रांग लागली. चंद्रप्रकाश स्टेअरिंग धरून तिच्या शब्दाची वाट बघत बसला. शेवटी तिचा बांध फुटला.

"अहो, मला दिसत नाही."

त्याने इंजिन बंद केलं. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ठाऊक आहे मला. उन्हाळ्यापासून एकदा तरी घे म्हणालीस का?"

सुलक्षणा भडकली. मग इतके दिवस गप्प का बसलात, मला खुळीसारखं इथं बसवून का फिरवलंत, असं तिने फाडफाड विचारलं. रडतही होती. तो म्हणाला, "बोललो असतो तर तू दुसऱ्या दिवसापासून आली नसतीस. मग मीच थांबायला शिकलो."

तेवढ्यात मागच्या बसचा ड्रायव्हर कंटाळून उतरला, पुढे जाऊन त्याने समोरची वाहनं हात करून अडवली, आणि ट्रक बसला घेऊन टँकरच्या बाजूने निघून गेला. नाहूरचा पूल आल्यावर सुलक्षणाने पदराने तोंड पुसलं.

"उद्यापासून सुयोगला बसवा."

चंद्रप्रकाश म्हणाला, गाडीच विकून टाकू. तिने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. गाडी विकायची नाही, आणि सुयोगला शिकवायचं नीट, वसकन ओरडायचं नाही त्याच्यावर. तो मान डोलवत राहिला.

"आणि तू गं?" त्याने विचारलं.

"मी घरी," ती म्हणाली. "बाकीच्या ड्रायव्हरांच्या बायका बसतात ना, नवरा येईपर्यंत जीव टांगणीला लावून, तशी बसेन. मला कधी बसावंच लागलं नव्हतं."