बंड्यावरचा आळ

ही गोष्ट मी सात वर्षं कोणाला सांगितली नाही, कारण तिच्यातला कुत्रा निर्दोष आहे.

आम्ही तंजावरचे मराठी, राहायला चेन्नईत, अड्यारला तिसऱ्या मजल्यावर. मुलगा रघू श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात. सून मीनल नाशिकची. लग्नानंतर ती आपला पाच वर्षांचा कुत्रा, बंड्या, घेऊन आली. "अप्पा, त्यानं घरात कधीच घाण केलेली नाही हं," अशी हमीही दिली.

पहिल्याच दिवशी बंड्यानं देवघराच्या उंबऱ्यापाशी पाय वर केला!

"सॉरी अप्पा! नवीन जागा आहे ना, बावरलाय," म्हणत मीनलनं फिनेलनं फरशी लख्ख पुसली.

फिनेलनं डाग जाईल, विटाळ कसा जाणार? ती आत गेल्यावर मी टी. नगरहून आणलेली गोमूत्राची बाटली काढली आणि मंत्र पुटपुटत आंब्याच्या पानानं गुपचूप चार थेंब शिंपडले. (गुपचूप अशासाठी की सुनेला वाईट वाटू नये. मी फार समजूतदार सासरा आहे.)

दुसऱ्या दिवशी बंड्या नेमका तिथेच! मी आठ थेंब शिंपडले. तिसऱ्या दिवशी तिथेही आणि सोफ्यापाशीही. मी सोफा शुद्ध केला. मग तो सोफ्यापाशी रोज येऊ लागला, मी संध्येला बसतो त्याहून नेमानं!

मीनल त्याला दिवसातून सहा वेळा खाली नेऊ लागली. डॉक्टरांनी तपासलं. मूत्रपिंडं उत्तम, साखर नाही. त्याचे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले होते.

"रघू, तू तरी काही कर," मी म्हणालो.

"अप्पा, कंपनीची बस पहाटे सहाला येते. कुत्र्याची समजूत कधी काढू?"

अशात तंजावरहून माझी थोरली बहीण, अक्का, आली. सोवळ्याची एवढी कडक, की तिच्या पाटाजवळून माशीसुद्धा आंघोळ करून जाते! दुसऱ्या सकाळी ती न्हाणीघरात आणि मीनल बंड्याला घेऊन खाली, अशी संधी साधून मी उरलेली अख्खी बाटली घरभर शिंपडली. स्वयंपाकघर, गॅलरी, कपाटांचे कोपरे. पाटावर अक्काची सोवळ्याची साडी घडी करून ठेवलेली होती. तिच्यावरही दोन थेंब, जास्त पुण्य म्हणून.

बंड्या परत आला. दारातच त्यानं हुंगलं आणि रजेवरून परतलेल्या कारकुनानं टेबलावरचा फायलींचा ढीग बघावा तसा चेहरा केला. मग निमूटपणे कामाला लागला. अकरा ठिकाणं! अकरावी, अक्काची साडी.

"अय्यो!" न्हाणीघराच्या दारातून अक्का ओरडली. "एक तर हा राहील, नाही तर मी!"

बंड्या गेला. मीनलचा भाऊ गाडीनं येऊन त्याला नाशिकला घेऊन गेला. मीनलनं त्याची ताटली घासली आणि पालथी घातली. अक्काही चौथ्या दिवशी गेली.

पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये कुत्र्याचे डॉक्टर भेटले. "घरात दुसऱ्या कुठल्या जनावराचं मूत्र होतं का हो? तसा वास आला की मोठा कुत्रा त्यावर आपली सही करतोच."

"म्हणजे... गायीचंसुद्धा?"

"गाय? तिसऱ्या मजल्यावर?"

मी पहिल्याच मजल्यावर उतरलो आणि जिन्यानं वर गेलो.

एक वाक्य बोलायचं होतं. बंड्या परत आला असता. पण ज्या तोंडानं मंत्र म्हटले त्याच तोंडानं हे कसं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू, यात सात वर्षं गेली. नाशिकला त्यानं एकदाही घरात केलं नाही. मीनल म्हणते, "माझंच काहीतरी चुकलं असेल, अप्पा."

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तो दिसला. तोंड पांढरं झालंय, डोळ्यांत मोतीबिंदू. मी निश्चय करून मीनलच्या हातून फोन घेतला. घसा खाकरला.

"बंड्या," मी म्हणालो, "जेवलास का रे?"

बंड्यानं तोंड फिरवलं. मीनलचे डोळे भरून आले. "अप्पा, किती जीव आहे हो तुमचा त्याच्यावर!"

मी तेही ठेवून घेतलं.