एकाच ओळीचं मागणीपत्र

आई जामुलच्या सिमेंट कारखान्यात एका ठेकेदाराकडे रेजा होती, बाबा त्याच गँगमध्ये कुली. बाई असली की रेजा, माणूस असला की कुली. दोघंही गिट्टीची तीच घमेली वाहायचे. रोजी मात्र रेजाची कमी. हे कोणी ठरवलं, कधी कोणी विचारलं नाही.

घरातली पहिली बी.ए. मी. म्हणून युनियनचं मागणीपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते ऐटीत लिहिलं. दोन ओळी: कुलीची रोजी इतकी करा, रेजाची इतकी. दोघांनाही वाढ!

आईला वाचता येत नव्हतं. तिनं ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"दोन ओळी कावून?"

"एक बाबांची, एक तुझी."

"मंग वाढून बी मी मांगंच राहीन ना वं? एकच ओळ लिही. अन् तू म्हने कालेजात शिकली!"

तीन वर्षं मी अर्थशास्त्र वाचलं होतं. मला हे दिसलं नव्हतं. नवा कागद घेतला आणि लिहिलं: बाई असो की माणूस, रोजी एक.

बोलणी होती त्या दिवशी सगळी गँग गेटसमोर जमिनीवर बसली. ठेकेदार हुशार. म्हणाला, "कुली लोगों का आज ही बढ़ा देता हूँ. रेजा का अगले साल देखेंगे."

एक जरी माणूस 'हो' म्हणून उठला असता, तर आईची ओळ परत वेगळी पडली असती. मी बाबांकडे बघत होते. जन्मात ठेकेदाराला उलटून न बोललेला माणूस. ते बसूनच म्हणाले, "साहब, कागज एक है. पूरा मानो, नहीं तो पूरा वापस दो."

मागून कोणीतरी बोललं, "वापस नेला तं घरी जेवाले कोन देईन?" सगळे हसले. पण उठला कोणीच नाही. सगळी माणसं त्या उन्हात, हाती येणारी वाढ सोडून बसून राहिली. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

तिसऱ्या दिवशी ठेकेदारानं सही केली. कागद गेटवर लागला. आईनं बोट ठेवलं. "माही ओळ हेच का?"

"हो."

"अन् तुह्या बाबाची?"

"तीच."

तिनं बोट लवकर उचललं नाही.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "रोजी तं बराबर झाली. आता चहा कोन ठेवते?"

"ठेवा ना मंग," आई म्हणाली, "साखर खालच्या डब्ब्यात हाय."

बाबा उठले. डबा काही त्यांना लवकर सापडला नाही.